झिरो वायरमन

मान खाली घालून उभा राहू नकोस. इकडे बघ. परवा धारूरच्या घाटाखाली डीपीवर चढलेला तूच ना? पायात स्लिपर, पकडीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली आणि खाली अर्धं गाव म्हणतंय, "वाघ आहे पोरगं!"

वाघ! दोन वर्षं आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केलास, शिकाऊ उमेदवारीला लागलास आणि तिसऱ्या महिन्यात परत आलास. का, तर विद्यावेतन 7,000 आणि काम काय, तर दुसऱ्याची शिडी धरायची. अरे, परळीला उमेदवारी करताना पहिला महिना मी नुसते केबलचे लग दाबत होतो.

शिडी धरणाऱ्यालाच वरचा काय करतो ते दिसतं. आणि काय करत नाही, तेही. तू एबी स्विचचा दांडा ओढलास आणि चढलास. तिन्ही पाती उघडली का, वर बघितलंस? एखादं पातं गंजून अडकलं की दांडा खाली येतो, फेज मात्र चालूच. डिस्चार्ज रॉड लावलास? कुणाचं जनरेटर उलटी वीज सोडत नव्हतं, हे कशावरून? म्हणे, टेस्टर होता खिशात. 11,000 व्होल्टला तो टेस्टर!

झिरो वायरमन का म्हणतात तुला, कळतं का? कुणाच्याच हजेरीपटावर तू नाहीस. उद्या चिकटलास तर "आम्ही कुठं चढ म्हणालो होतो?" म्हणायला सगळे मोकळे. उमेदवाराचा 1961 च्या कायद्याखाली करार असतो, कामावर दुखापत झाली तर भरपाई मालकाच्या अंगावर येते. शेवटी परीक्षा आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र. ते सोडून तू दोनशे रुपये आणि चहा घेतलास.

आई-बापाचं काढणार नव्हतो. पण दसरा झाला की ते कोयता घेऊन कारखान्याला जातात. उचल तुझ्या विद्यावेतनापेक्षा मोठीच असते, मग तू का नाही घेतलास कोयता? कारण ती आधी हातात पडते आणि मग सहा महिने अंगातून वसूल होते, हे तू कोपीत राहून बघितलंयस. तुझे दोनशे त्याच माळेतले.

फोन वाजतोय तुझा. कुठली डीपी? उचल. सांग, लाइनमन परमिट घेऊन येईल, मी येत नाही. स्पीकरवर टाक. मलाही ऐकू दे.