वैर डुकरामुळे पेटले का?

जुन्या भांडणातले खरे-खोटे निवडावे की विसरून जावे?

अमेरिकेतील हॅटफील्ड आणि मॅकॉय या घराण्यांचे वैर प्रसिद्ध आहे. वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी या राज्यांच्या सीमेवरील टग फोर्क नदीच्या दोन्ही तीरांवर ही कुटुंबे राहत. एका डुकरावरून भांडण लागले आणि शेकडो माणसे मेली, असे लोक सांगतात.

डुकराचा खटला १८७८ साली खरोखरच झाला. तो रँडॉल्फ मॅकॉय हरला; पण त्याच्या विरुद्ध मत देणाऱ्या पंचांत एक मॅकॉयही होता. म्हणजे घराणी सरळ दोन तटांत विभागलेली नव्हती. शिवाय रँडॉल्फचा भाऊ त्याआधीच, १८६५ साली, मारला गेला होता. जंगलजमिनीचे दावे आणि सूडाची ओढ हीही कारणे होती. एकूण बळी शेकडो नव्हेत, डझनाच्या आसपास होते. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनी गोष्ट रंगवली.

आकडा कमी झाला म्हणून पाप कमी होत नाही. उलट, दंतकथा बाजूला केली की ते स्पष्ट दिसते. ऑगस्ट १८८२ मध्ये निवडणुकीच्या दिवशी तिघा मॅकॉय भावांनी एलिसन हॅटफील्डला भोसकले. तो दोन दिवस जगला. त्या काळात हॅटफील्डांनी तिघांना डांबून ठेवले. त्यांच्या आईने पदर पसरला. एलिसन वारल्यावर तिघांनाही झुडपांना बांधून गोळ्या घातल्या गेल्या.

दोन दिवस! विचार करायला एवढा वेळ होता. 'डुकरावरून भांडले' असे म्हणून आपण हसतो. 'त्यांच्या रक्तातच वैर होते' असे म्हणून सोडून देतो. दोन्ही वेळा ज्याने बंदूक उचलली तो सुटतो आणि त्या आईचे रडणे ऐकू येत नाही.

'जुनी मढी कशाला उकरायची?' असे कोणी विचारील. पण खोट्या गोष्टी आपोआप मरत नाहीत. आजी नातवाला सांगते आणि नातू शेजाऱ्याशी बोलणे टाकतो. बांधावरून किंवा वाटणीवरून अबोला धरलेली घरे आपल्याही ओळखीची आहेत. तिथे तीन प्रश्न विचारावेत. हे प्रत्यक्ष कोणी पाहिले? कागद काय सांगतो? आणि आपल्या माणसाने काय केले? तिसरा प्रश्न सर्वांत जड जातो.

२००३ साली दोन्ही घराण्यांच्या वंशजांनी समेटाच्या कागदावर सह्या केल्या. मेलेले परत आले नाहीत. पण मुलांना काय सांगायचे, हे जिवंत माणसांच्या हाती होते.