बाद झालेला गडी

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने जगाला कबड्डी खेळून दाखवली.

या खेळात माझं मन अडकतं ते बाद झालेल्या गड्यापाशी. तो रेषेबाहेर बसतो. कितीही चपळ असो, स्वतःच्या बळावर तो आत येऊ शकत नाही. साथीदाराने समोरचा गडी टिपला, की हा जिवंत होतो. होय, खेळाडू ‘जिवंत’ हाच शब्द वापरतात! आणि जो आधी बाद झाला, तोच आधी आत येतो.

मार्काच्या शुभवर्तमानातही असंच घडतं: चौघांनी उचलून आणलेला पक्षाघाती छप्पर उघडून खाली सोडला जातो. प्रभू येशू पाहतो तो त्या सर्वांचा विश्वास. आजाऱ्याला एकट्याला कदाचित प्रार्थनाही सुचत नसेल.

आपल्या अकोल्या-अमरावतीच्या मंडळ्यांतही रविवारी बाकावर एखादी जागा रिकामी दिसते. नापिकीने खचलेला भाऊ, नवरा गमावलेली ताई, नापास झालेलं पोर. उपासना संपते आणि आपण घाईने घरी निघतो. सर्वांत जास्त दिवस बाहेर कोण बसलंय, आठवा. आज संध्याकाळी त्याच्या दारी जाऊ या.