'घरचं' म्हणजे बिनधोक?

साकीनाक्याला खैरानी रोडलगतच्या एका चाळीत माझी मावसबहीण राहते. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे गेले, तर ओट्यावर प्लॅस्टिकच्या बारा-पंधरा डब्या ओळीने मांडलेल्या. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, खोबरेल आणि चिमूटभर हळद मिक्सरमधून फिरवून भरलेल्या. शेजारणींच्या ऑर्डरी होत्या. "ताई, केमिकल काही नाही, सगळं घरचं," ती अभिमानाने म्हणाली. पंधरा दिवसांपूर्वीची एक डबी तिने उघडून दाखवली. झाकणाच्या आत राखाडी बुरशीचे दोन ठिपके होते. तिने ते अंगठ्याने पुसले आणि झाकण परत लावलं.

तिच्या मनात कपट नव्हतं, म्हणूनच मला भीती वाटली. आपल्या आज्या उटणं लावत ते कोरडं असे. आंघोळीआधी वाटीत दुधात कालवायचं, अंगाला चोळायचं, उरलेलं मोरीत सोडायचं. कोरड्या पुडीत जंतू वाढत नाहीत. त्याच जिनसांत पाणी घालून डबी महिनाभर मुंबईच्या दमट हवेत ठेवली, की आजीचा उपाय उरत नाही, जंतूंना आयतं खाद्य मिळतं. कंपनीच्या क्रीममधल्या ज्या घटकांना आपण 'केमिकल' म्हणून नाकं मुरडतो, त्यांतला एक भाग नेमका हे जंतू रोखायला असतो. आणि अशी डबी बोटं बुडवून लावली जाते ती बहुधा फुटलेल्या मुरुमावरच.

लिंबाचंही तसंच. त्याच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास, त्वचेचा पाचच्या. लिंबू लावून उन्हात गेलं, तर काहींची त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. डाग घालवायला लावलेलं लिंबूच डाग देऊन जातं.

पण स्वयंपाकघरातली चूक बहुतेकदा कातडीवरच थांबते. त्याहून मोठा धोका आहे तो 'आपल्या ओळखीच्या बाईकडचं' या विश्वासाचा. अकोल्यात एका घरातल्या आई आणि दोन मुली गोरेपणासाठी स्थानिक ब्युटिशियनकडून आणलेलं क्रीम लावत होत्या. तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी त्या क्रीमचा माग काढला, तेव्हा त्यात मर्यादेपेक्षा खूपच जास्त पारा निघाला. 2023 च्या सुरुवातीला ही बातमी आली. केरळातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे 22 रुग्ण तपासले. त्यातल्या 15 जणांत एक ठरावीक खूण सापडली आणि त्यांपैकी 13 जण गोरेपणाची क्रीमं वापरत होते. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून काही आठवड्यांत चेहरा उजळतो. त्याच वेळी तो त्वचेतून रक्तात आणि तिथून मूत्रपिंडात उतरतो. गुण दिसतो आरशात. हानी बराच काळ दिसतच नाही.

कायदा आहे. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली विक्रीसाठी प्रसाधन बनवायला परवाना लागतो. 2020 च्या नियमांनुसार, डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर, त्यात मुद्दाम पारा घालता येत नाही. नकळत आलेला पाराही दहा लाखांत एक भाग एवढाच चालतो. पण चाळीतल्या ओट्यापर्यंत हा कायदा कुणी नेलेला नाही. माझ्या बहिणीसारखीला नुसत्या धाडीचं भय दाखवून काय साधणार? परवाना कसा मिळतो, काय बनवावं आणि काय बनवू नये, हे तिला वॉर्डातल्या बचत गटात कुणीतरी बसून शिकवायला हवं. ते होईपर्यंत तिने ती डबी विकू नये, असंच माझं ठाम मत आहे, आणि ते मी तिला तोंडावर सांगितलं. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

घेणाऱ्यांना एवढंच सांगते: डबी उलटी करून बघा. त्यावर बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक, बॅच, घटक आणि मुदत नसेल तर ती परत करा, देणारी सख्खी असली तरी. आणि क्रीम लावायला लागल्यापासून चेहरा किंवा पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला, तर ती डबी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा.