उपस्थात्याचा धर्म

उपचाराचे कर्तव्य रुग्णालयाच्या दारात संपते काय, हा प्रश्न वरवर व्यवस्थेचा वाटला तरी मुळात तो धर्माचा, म्हणजे कोणी कोणासाठी कोठवर बांधील असावे याचा, प्रश्न आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता म्हणजे रुग्णाची शुश्रूषा करणारा, आणि स्वतः रुग्ण. वैद्याला या चौघांत प्रमुख मानले असले, तरी उपस्थाता हेही चिकित्सेचे अंगच ठरते आणि शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, अनुराग व शुचिता हे गुण त्याच्या अंगी अपेक्षिलेले आहेत. ज्ञान आणि अनुराग एकाच पंक्तीत बसवले आहेत, हे विशेष. नुसत्या मायेने भागत नाही आणि नुसत्या माहितीनेही नाही.

या विचाराची कसोटी हार्ट फेल्युअरच्या रुग्णापाशी लागते. या विकारात हृदय बंद पडत नाही, तर रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद उणावते, त्यामुळे शरीरात पाणी साचते, पाय सुजतात, उताणे निजले की दम लागतो आणि रुग्ण भिंतीला टेकून रात्र काढतो. रुग्णालयात सूज उतरली म्हणजे रोग गेला असे नव्हे. तिरुवनंतपुरम येथे २०१३ मध्ये १८ रुग्णालयांतील १२०५ रुग्णांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, तेव्हा सुमारे ८ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले आणि ९० दिवसांअखेर हे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांवर गेले. म्हणजे त्या काळातील निम्म्याहून अधिक मृत्यू रुग्णालय सोडल्यानंतरचे होते.

नाशिकहून सुमारे ९० किलोमीटरवर, गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या सुरगाणा तालुक्यात, जेथे कोकणा, वारली आणि महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी आहे, घरी परतलेल्या रुग्णाला दिलेल्या सूचना कागदावर सोप्या असतात : मीठ कमी करावे, लघवीची गोळी चुकवू नये, रोज सकाळी वजन करावे आणि तीन दिवसांत दोन किलोपेक्षा अधिक वाढल्यास तत्काळ दाखवावे. परंतु नागलीच्या भाकरीसोबत चटणी किंवा सुकट एवढेच कालवण असते तेथे मीठ कमी करणे म्हणजे जेवणाची चवच काढून घेणे होय, आणि बहुतेक घरांत वजनाचा काटा नसतो. मजुरीला जाणारी स्त्री लघवीची गोळी टाळते, कारण ती घेतल्यावर वारंवार जावे लागते आणि रानात वा मळ्यात त्यासाठी आडोसा नसतो. अशा स्त्रीविषयी ‘पेशंट ऐकत नाही’ असा शेरा मारणे हा अन्याय आहे.

रुग्ण पुन्हा अत्यवस्थ झाला की घरची माणसे ‘त्याचा भोग’ म्हणतात. या शब्दामागे शतकांचे दुःख आहे आणि त्याची हेटाळणी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि चरकसंहितेच्याच विमानस्थानात आयुष्य हे दैव, म्हणजे पूर्वकर्माचे फळ, आणि पुरुषकार, म्हणजे या जन्मीचा प्रयत्न, या दोहोंच्या बलाबलावर अवलंबून असल्याचे सांगून, सर्वांचे आयुष्य आधीच ठरलेले असते हे मत नाकारले आहे. दैव दुर्बळ असेल तर प्रबळ प्रयत्न त्याला मागे सारतो. मग गोळी संपली आणि नवी मिळाली नाही, पायाच्या नडगीवर बोट दाबून पडलेला खड्डा कोणी पाहिला नाही, एवढ्यावरून आलेल्या मृत्यूला दैव म्हणता येत नाही, कारण तेथे प्रयत्न हरलेला नसून तो झालेलाच नसतो. गावातल्या भगतालाही, म्हणजे झाडपाला व मंत्रतंत्राने उपचार करणाऱ्यालाही, नडगीवरच्या खड्ड्याची ही खूण दाखवून ठेवावी. घरचे ज्याच्याकडे आधी जातात त्याने रुग्णाला दवाखान्यात धाडले, तर कोणाची श्रद्धा मोडत नाही आणि वेळ वाचतो.

अडचण याहून खोल आहे. भाताची आणि नागलीची कापणी उरकली की तालुक्यातील असंख्य कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडकडे जातात आणि उपस्थाताच घरातून निघून जातो. पोट सोडून शुश्रूषा करा, असे त्याला सांगणारा धर्म निर्दय ठरेल. येथे विनयपिटकाच्या महावग्गातील प्रसंग मार्गदर्शक आहे : अतिसाराने पीडित भिक्षू आपल्याच मलमूत्रात पडलेला होता आणि तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते, तेव्हा बुद्धांनी आपला शिष्य आनंद याच्यासह त्याला स्वतः न्हाऊ घातले आणि संघाला समजावले, की ज्यांची सेवा करायला आई-बाप नाहीत त्यांनी परस्परांची सेवा करायची आहे. ज्याचे नातलग जवळ नाहीत त्याचे उपस्थातेपण समूहाकडे येते, हा त्या प्रसंगाचा आशय गावालाही तितकाच लागू पडतो. आशाताई पाड्यावरच राहतात आणि अंगणवाडीत गरोदर मातांच्या वजनासाठी काटा असतो. त्याच काट्यावर आठवड्यातून दोनदा हृदयरुग्णाला उभे करायला वेगळी योजना लागत नाही. मात्र हा भार आशाताईंवर फुकट टाकणे हीही नवी वेठबिगारीच होईल, म्हणून त्याचा मोबदला ठरला पाहिजे.

नाशिकच्या मोठ्या रुग्णालयातून सुरगाण्याच्या रुग्णाला घरी सोडताना डॉक्टरांनी कागदावर औषधांच्या खाली उपस्थात्याचे नाव लिहावे, हंगामात तो बाहेर जाणार असेल तर त्याच्या जागी कोण हेही विचारून लिहावे, आणि कोणतेच नाव मिळत नसेल तर सुरगाण्याच्या ग्रामीण रुग्णालयाला तसे कळवल्याखेरीज रुग्णाला गाडीत बसवू नये.