श्रोत्याचे ऋण

गाणे ऐकणारा मनुष्य गाणाऱ्याचा ऋणी होतो काय, आणि होत असल्यास ते ऋण त्याने कोणत्या मापाने फेडावे, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. वाण्याकडून शेरभर तांदूळ आणले तर वाण्याच्या पोत्यातले तांदूळ शेराने कमी होतात. त्याची भरपाई केली पाहिजे असे व्यवहारही सांगतो आणि नीतीही सांगते. गाणे मात्र ऐकल्याने कमी होत नाही. एकाने ऐकले किंवा लक्षावधींनी ऐकले, तरी ते जसेच्या तसेच राहते. मग ऐकणाऱ्याने घेतले काय, आणि द्यावयाचे काय?

बैठकीच्या काळी ह्या प्रश्नाचा उलगडा आपोआप होत असे. गवई आणि श्रोते समोरासमोर बसत; रात्र सरली की यजमान बिदागी देई, रसिक दाद देत, आणि देणेघेणे तेथल्या तेथे मिटे. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ तयार केला तेव्हापासून आवाज गळ्यापासून वेगळा झाला. गवई घरी झोपला असताना त्याचे गाणे परमुलखात ऐकू येऊ लागले. बिदागी कोणी, कोणास आणि किती वेळा द्यावयाची, हा तंटा तेव्हापासून चालू आहे. इंटरनेटवरील रेडिओच्या निमित्ताने अमेरिकेत ह्या शतकाच्या आरंभापासून तो ज्या रीतीने लढला गेला, ती नीतिविचार करणाराने न्याहाळण्याजोगी आहे. कारण हिशेब जितका काटेकोर झाला तितकाच न्याय अधिक संदिग्ध झाला, असा चमत्कारिक अनुभव तेथे येतो.

प्रथम तेथील कायद्याची स्थिती सांगितली पाहिजे. एका ध्वनिमुद्रिकेत दोन स्वतंत्र हक्क असतात: एक गीत व चाल रचणाऱ्याचा, आणि दुसरा ते गाऊन-वाजवून मुद्रित करणाऱ्याचा. रचनाकारांनी १९१४ साली आपला संघ स्थापिला आणि पुढे रेडिओ आला तेव्हा त्याच्याकडूनही आपला वाटा वसूल केला. परंतु गायक-वादकांस आणि मुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांस तेथील हवेतून चालणारा रेडिओ अद्यापही काही देणे लागत नाही. आमच्यामुळेच तुमच्या मुद्रिका खपतात, तेव्हा उपकार झाले असतील तर ते आमचेच तुमच्यावर, असा रेडिओवाल्यांचा युक्तिवाद. आणि तो कायदेमंडळात दीर्घकाळ टिकून राहिला. १९९५ साली नवा कायदा झाला, १९९८ साली त्यात भर पडली, आणि इंटरनेटवरून होणाऱ्या प्रसारणास मात्र ह्या दुसऱ्या हक्काचेही स्वामित्वधन, म्हणजे ज्यास आपण रॉयल्टी म्हणतो ते, लागू झाले. परिणाम असा की, एकच गाणे एकाच क्षणी मनोऱ्यावरून प्रसृत झाले तर गायकास काही मिळत नाही, आणि तारेवरून गेले तर मिळते.

ह्या भेदाच्या मुळाशी एक यांत्रिक गोष्ट आहे. हवेतील लहरी किती घरांत शिरल्या हे केंद्रचालकास कळत नाही. इंटरनेटवर मात्र प्रत्येक श्रोत्याकडे स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. त्यामुळे कोणते गाणे किती जणांपर्यंत पोहोचले हे संगणक बिनचूक सांगू शकतो. मोजता येऊ लागले, म्हणून आकारता येऊ लागले. २००२ साली दर गाण्यास दर श्रोत्यामागे ०.०७ सेंट असा दर ठरला. मार्च २००७ मध्ये स्वामित्वधन ठरविणाऱ्या तीन न्यायाधीशांच्या मंडळाने तो २००६ सालासाठी ०.०८ सेंट धरून २०१० सालापर्यंत ०.१९ सेंटापर्यंत चढविला. त्याच्या निषेधार्थ २६ जून २००७ रोजी अमेरिकेतील अनेक इंटरनेट केंद्रांनी दिवसभर मौन पाळले. २००२, २००८ आणि २००९ साली कायदेमंडळाने तडजोडीस वाट करून दिली आणि लहान केंद्रांना उत्पन्नाच्या प्रमाणात देण्याची मुभा मिळाली. उदाहरणार्थ, २००३ व २००४ ह्या सालांसाठी पहिल्या अडीच लक्ष डॉलरांच्या उत्पन्नावर शेकडा १० आणि त्यापुढे शेकडा १२, किंवा खर्चाच्या शेकडा ७, यांपैकी जे अधिक असेल ते. ह्या सवलतीची मुदत २०१५ अखेर संपली. त्याच डिसेंबरात मंडळाने विनामूल्य ऐकविणाऱ्या केंद्रांसाठी ०.१७ सेंटांचा दर जाहीर केला. लहानांसाठी वेगळी सोय त्यात नव्हती. १९९९ पासून हजारो लहान केंद्रांना आसरा देणारी लाइव्ह ३६५ ही संस्था ३१ जानेवारी २०१६ रोजी बंद पडली. पुढे २०१७ साली ती नव्या मालकीखाली पुन्हा उभी राहिली खरी, पण मधल्या काळात विखुरलेली केंद्रे सारीच काही परतली नसतील.

सेंटाच्या सहाव्या हिश्शाहून किंचित अधिक, एवढ्या रकमेचा एवढा गवगवा कशासाठी, असे वाचक विचारतील. म्हणून थोडा हिशेब करू. समजा, एखाद्या गावी एक शिक्षक आहे. जुन्या लोकगीतांच्या मुद्रिका जमविण्याचा त्यास छंद आहे आणि त्या तो आपल्या इंटरनेट केंद्रावरून अहोरात्र ऐकवितो. तासाला १५ गाणी धरली आणि कोणत्याही वेळी १०० श्रोते असले, तर वर्षाकाठी १,३१,४०,००० श्रवणे होतात. ०.१७ सेंटांच्या दराने त्याचे २२,३३८ डॉलर झाले. रचनाकारांचे देणे त्याहून निराळे. जाहिरात नाही, वर्गणी नाही. मिळकत म्हणावी तर श्रोत्यांची आभाराची चार पत्रे. ज्या दिवशी त्याचे श्रोते दुप्पट होतील त्या दिवशी त्याचे कर्जही दुप्पट होईल, आणि यशाचीच त्यास धास्ती वाटू लागेल.

ह्यावर पूर्वपक्ष असा. एखादा मनुष्य गोरगरिबांस फुकट जेवू घालतो, म्हणून त्यास तांदूळ फुकट मागण्याचा अधिकार येतो काय? दानधर्म करावयाचा तर स्वतःच्या पैशाने करावा. दुसऱ्याच्या कोठारातून नव्हे. शिक्षकाचा छंद कितीही निर्मळ असला तरी त्याचा खर्च गायकाने का सोसावा? शिवाय उत्पन्नाच्या प्रमाणात द्यावयाचे म्हटले, तर जो धंदा मुद्दामच उत्पन्न पुढे ढकलून आधी गिऱ्हाईक जमवितो, त्याला गाणी जवळजवळ फुकट मिळतील. आणि असे धंदे इंटरनेटच्या व्यापारात थोडे नाहीत. म्हणून जेवढे ऐकविले तेवढे मोजा आणि तेवढे द्या, हाच सरळ न्याय.

हा पक्ष दुबळा नाही. कलावंताच्या श्रमाची बूज राखली पाहिजे हे त्यातील तत्त्व मला पूर्णपणे मान्य आहे. मतभेद आहे तो मापाविषयी. तांदळाचा दर ठरविताना वाण्याचे किती गेले हे पाहता येते, कारण गेलेले डोळ्यांस दिसते. गाण्यात काहीच जात नसल्यामुळे दर ठरविण्यास आधार उरतो तो दोनच गोष्टींचा: करणाऱ्याचे श्रम आणि वापरणाऱ्याचा लाभ. अमेरिकन कायद्याने ह्या दोहोंस बाजूस सारून तिसराच निकष घेतला. खुल्या बाजारात खुशीने घेणारा आणि खुशीने देणारा ह्यांच्यात जो दर ठरला असता तो द्यावा, असे त्याने मंडळास सांगितले. हे दोघेही गृहस्थ काल्पनिक आहेत. त्यांचे चित्र रंगविताना समोर असतात त्या मोठमोठ्या कंपन्यांनी केलेले करार. शिक्षकाने कधी कोणाशी करार केलेलाच नाही, म्हणून त्या चित्रात तो दिसत नाही. आणि मग श्रीमंतांच्या सौद्यात निघालेला भाव त्याच्याकडून वसूल होतो. सर्वांना एकच दर लावणे म्हणजे समता, ही समजूत येथे लंगडी पडते. घाटाच्या पायथ्याशी हत्तीवर आणि शेळीवर सारखाच बोजा लादला, तर त्यास कोणी समदृष्टी म्हणणार नाही.

दुसरेही एक पाहिले पाहिजे. ज्या तर्काने शिक्षकाकडून २२,००० डॉलर मागावयाचे, तोच तर्क मनोऱ्यावरच्या रेडिओपाशी येऊन थांबतो. तेथे जाहिरातींचे उत्पन्न आहे, श्रोते असंख्य आहेत, आणि गायकास मात्र काही नाही. मोजता येत नाही ही सबब येथे चालणार नाही. रचनाकारांचे देणे तो रेडिओ न मोजताही देतच आहे. तेव्हा जो मोजला जाऊ शकतो तो ऋणी, आणि जो मोजला जात नाही तो उपकारकर्ता, असा हा न्याय झाला. ऋण हे तराजूमुळे उत्पन्न होत नाही. तराजूने ते फक्त दिसते.

हा वाद केवळ परदेशचा आहे असे मात्र कोणी समजू नये. १९६० नंतरच्या दशकात आपल्या चित्रपटसृष्टीत लता मंगेशकर आणि महंमद रफी ह्या दोन थोर गायकांत हाच प्रश्न उपस्थित झाला. मुद्रिका खपत राहतील तोवर गायकास वाटा मिळाला पाहिजे, असे लताबाईंचे म्हणणे. गाण्याचा मोबदला एकदा घेतल्यावर गायकाचा हक्क संपला, असे रफीसाहेबांचे. दोघांपैकी कोणावरही लोभाचा वा अज्ञानाचा आरोप करता येणार नाही. एकाने गाण्याकडे पार पडलेले काम म्हणून पाहिले, दुसऱ्याने फळ देत राहणारे झाड म्हणून पाहिले. आणि कित्येक वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयात अशाच एका खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर ह्यांनी स्वतंत्र टिपण जोडून, आपला कायदा रचनाकारास ओळखतो आणि गायकास ओळखत नाही, ह्याबद्दल खेद व्यक्त केला होता. आपल्याकडे रागाचा आराखडा एकच असला तरी गाणे घडते ते गळ्यात, हे ज्यास ठाऊक आहे त्यास त्या खेदाचे मर्म सहज कळेल. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, संगीतकार आणि गायक ह्या सर्वांचा स्वामित्वधनावरील अधिकार कायद्यात अधिक स्पष्ट झाला.

मापाच्या प्रश्नावरही आपल्याकडे एक प्रयोग झालेला आहे. ऑगस्ट २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने एफ्. एम्. रेडिओ केंद्रांसाठी निव्वळ जाहिरात-उत्पन्नाच्या शेकडा २ असा दर ठरविला. म्हणजे लाभाचे माप स्वीकारले. दोन टक्के थोडे की पुष्कळ, ह्यावर वाद होऊ शकतो. पण लहान केंद्र त्याने मरत नाही आणि मोठे केंद्र फुकट सुटत नाही. इंटरनेटचा प्रश्न मात्र येथेही वेगळाच राहिला. २०१२ च्या दुरुस्तीतील प्रसारणाचा वैधानिक परवाना इंटरनेटवरील सेवांस लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले, आणि २०२२ साली खंडपीठाने तेच कायम केले. म्हणजे येथे दर आहे तो ज्याच्या त्याच्या सौदा करण्याच्या ताकदीवर.

आपल्या परंपरेत ऋणाची कल्पना फार जुनी आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे मनुष्य जन्मतःच घेऊन येतो असे शास्त्र सांगते. त्यांतील ऋषिऋण फेडण्याची रीत विचार करण्याजोगी आहे: अध्ययन करावे, आणि मिळालेली विद्या पुढे चालवावी. विसरत चाललेली गाणी चार लोकांच्या कानी घालणारा तो शिक्षक ह्या अर्थाने आपले ऋण फेडीतच असतो. परंतु ह्या सुंदर कल्पनेचा आधार घेऊन कोणी कलावंतास उपाशी ठेवू लागला तर ती लबाडी होईल. ऋषींच्या अग्निहोताची व अन्नाची सोय समाजाने केली होती. गायकाच्या घरभाड्याची सोय कोणी केलेली नाही. विद्या पुढे देणे आणि विद्वानास पोसणे ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत. एकाने दुसरे फिटत नाही.

ह्या सर्व विचारातून मला जे दिसते ते असे. गाणे वापरणारा प्रत्येक जण गायकाचा ऋणी आहे, मग ते हवेतून जावो की तारेतून; म्हणून मनोऱ्याच्या रेडिओस दिलेली सूट प्रथम गेली पाहिजे. ऋण सर्वांवर सारखे असले तरी हप्ता लाभाप्रमाणे असावा. ज्यास लाभ नाही त्याने नाममात्र रक्कम द्यावी, पण द्यावी, आणि ज्याने गिऱ्हाईक जमविण्यासाठी उत्पन्न लांबणीवर टाकले आहे त्याच्याकडून दर श्रोत्यामागे मोजून घ्यावे. नाममात्र म्हणजे किती, ह्यासही विवेक हवा. २०२१ साली अमेरिकेत दर केंद्रास वर्षाकाठी किमान १,००० डॉलर ठरले. मोठ्या कंपनीस ते कस्पटासमान, आणि आपल्या शिक्षकास महिन्याच्या किराण्याएवढे किंवा त्याहूनही अधिक.

आणखी एक गोष्ट ह्या रकमा कोठे जातात त्याची. अमेरिकेत हे स्वामित्वधन गोळा करणारी साउंडएक्स्चेंज ही संस्था शेकडा ५० मुद्रिकेच्या मालकास, ४५ मुख्य कलावंतास आणि ५ साथीदारांसाठी देते. निम्मी रक्कम बहुधा कंपनीकडे जात असली, तरी साथीच्या वादकाचेही नाव ह्या हिशेबात आहे, ही गोष्ट मला आशादायक वाटते. पुष्कळशा मैफलींत तबलजीचे नाव सांगावयास निवेदक विसरतो. हा कायदा विसरलेला नाही.

ह्या लहान केंद्रांचे पुढे काय होणार हे सांगणे अवघड आहे. मागाल ते गाणे तत्काळ हजर करणाऱ्या प्रचंड सेवांपुढे त्यांतील किती टिकतील, ह्याची शंकाच आहे. परंतु मनुष्य जे मागतो तेच त्यास मिळत राहिले, तर जे मागावे हेही ठाऊक नाही ते त्याच्यापर्यंत कसे पोहोचणार? ते पोहोचविणारा कोणी छांदिष्ट लागतो. त्या छांदिष्टास जगू द्यावयाचे आणि गायकासही जगू द्यावयाचे, ही दोन्ही कर्तव्ये एकट्या कायद्याने पार पडणारी नव्हेत. बैठकीत बिदागी यजमान देत असला तरी उठताना एखादा श्रोता गवयाच्या हाती आपल्यापरीने काही ठेवीत असे. यजमानाने दिले आहे, मग मी का द्यावे, असे त्याच्या मनात येत नसे. घरी बसून यंत्रावर गाणे ऐकणाऱ्या आपणांस ती जाणीव राहिली आहे काय, हे ज्याचे त्याने आपल्याशी पाहावे.