कोळ्याचा दृष्टान्त कुठवर लागू पडतो?

अक्षरब्रह्मापासून विश्व कसे निर्माण होते हे सांगताना मुंडकोपनिषद पहिला दृष्टान्त कोळ्याचा देते. कोळी धागा स्वतःतून काढतो आणि स्वतःतच परत घेतो. कुंभाराला माती बाहेरून आणावी लागते. कोळ्यात मात्र कर्ता आणि सामग्री एकच.

ब्रह्मसूत्र 2.1.25 वरील शांकरभाष्यात यावर एक आक्षेप येतो. कोळी बारीक जंतू खातो, त्यामुळे त्याची लाळ घट्ट होऊन तिचा धागा बनतो. मग तो बाह्य साधनावाचून निर्मिती करतो असे कसे म्हणावे? धागा लाळेचा नसतो, पोटातील रेशीमग्रंथींतून येतो, एवढे सोडले तर आक्षेप बिनतोड आहे.

चक्राकार जाळे विणणारे अनेक कोळी जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्यातली बरीचशी प्रथिने नव्या जाळ्यात उतरतात. उपनिषदातले ‘परत घेणे’ म्हणजे चांगलेच निरीक्षण आहे. पण केवळ त्यावर कोळी जगत नाही. भक्ष्य हवे, आणि भक्ष्यासाठी धोका पत्करावा लागतो. जाळ्याच्या मध्यावर बसले तर अडकलेल्या किड्यापर्यंत क्षणात पोहोचता येते, पण कोळी पक्ष्यांच्या आणि गांधीलमाश्यांच्या नजरेतही लगेच भरतो. कडेच्या गुंडाळलेल्या पानात दडले तर जीव सुरक्षित, मात्र पोहोचेपर्यंत किडा निसटू शकतो. आर्जिओपी कोळी दिवसाढवळ्या मध्यावरच बसतो. चाहूल लागताच जाळे जोरजोराने हलवतो, नाहीतर सरळ खाली पडतो. कुंभारीण माशी अशा कोळ्यांना दंश करून लुळे करते, मातीच्या घरट्यात कोंबते आणि त्यांच्यावर अंडे घालते. तिची अळी ते कोळी जिवंतपणीच खाते. कुठे बसायचे, किती वेळ बसायचे, यात भूक आणि भीती दोन्ही असतात.

त्या आक्षेपाला शंकराचार्यांचे उत्तर मोजके आहे: कुंभाराला लागतात तशी साधने प्रत्येक कर्त्याला लागतातच असे नाही, एवढेच दृष्टान्तातून दाखवायचे आहे. हे उत्तर रास्त आहे, आणि त्याने दृष्टान्ताची हद्दही ठरते. उपादान, म्हणजे सामग्री, आणि कर्ता एक असू शकतात, इतकेच कोळी दाखवतो. निर्मिती निरिच्छ असू शकते, हे तो दाखवू शकत नाही. त्याचा प्रत्येक धागा गरजेपोटी विणलेला असतो. पूर्णकाम ब्रह्माने सृष्टी का करावी, हा प्रश्न पुढे 2.1.33 मध्ये हाताळताना भाष्य कोळ्याकडे वळत नाही. तिथे उदाहरणे आहेत ती इच्छा तृप्त झालेल्या राजाच्या क्रीडेची आणि श्वासोच्छ्वासाची.