कपाटाचे कुलूप

“सुतारकाम कुणाकडे शिकलात?” असे कुणी विचारले, की “कुणाकडेच नाही, स्वतःच शिकलो,” असे मी मोठ्या ऐटीत सांगत असे. मॅट्रिकपाशी शिक्षण थांबलेल्या माणसाला या वाक्याची भारी गोडी असते. कादंबऱ्या लिहिण्याबद्दलही मी हेच सांगत आलो.

पुस्तके ट्रंकेत मावेनात, तेव्हा नागपूरच्या एका उन्हाळ्यात, सुटीभर खपून मी कपाट केले. सागवानी फळ्या, एक करवत, रंधा आणि पटाशी. पहिली फळी महिन्याभरातच मधोमध वाकली. फळीची लांबी दुप्पट केली आणि पुस्तके तितक्याच दाटीने लावली, तर ती दुप्पट नव्हे, सोळापट वाकते, हे तेव्हा कळले. मधे आधार दिला. शेवटी दारे बसवून कुलूप घातले. स्वतःच्या हातांनी केलेली वस्तू स्वतःचीच. तिला कुलूप लावण्यात गैर ते काय?

शाळा उघडली आणि वर्गातला एक मुलगा पुस्तक मागायला घरी आला. बापाच्या सायकल-दुकानात काम करून आला होता. बोटांना वंगण होते. “हात बघ आधी,” मी म्हणालो. त्याने हात पाहिले, पाठीमागे लपवले आणि निघून गेला.

जुलैत पाऊस लागला आणि कपाटाचे दार मिटेना. शेजारी कामाला आलेल्या म्हाताऱ्या सुताराला बोलावले. तो हसून म्हणाला, “गुरुजी, लाकडाले फुगाले जागा ठेवा लागते. पावसात ते आडवं फुगते, लांबीत नाही.”

“हे तुम्हांला कुणी शिकवलं?”

“बापानं. त्याले त्याच्या बापानं.”

किती सहज सांगितले त्याने! मी मात्र गप्प झालो. लहानपणी गल्लीतल्या सुतारापुढे मी तासन्‌तास उकिडवा बसत असे; करवत धरायची कशी, ते तिथे पाहिले होते. बारा वर्षांचा असताना एका शेजाऱ्यांनी आपली पुस्तकांची पेटी मला मोकळी करून दिली होती. माझे हात कसे आहेत, हे त्यांनी विचारले नव्हते. ‘स्वतः शिकलो’ याचा अर्थ एवढाच, की शिकवणाऱ्यांना मी विसरलो होतो.

१९३७ साली आमच्या शेजारच्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. मुलाने हातांच्या उद्योगातून शिकावे, हा विचार गांधीजींनी तिथे मांडला. वर्गात मी तो रंगवून सांगत असे, आणि उद्योग करून मळलेले हात मीच दारातून परत पाठवले! तेही माझ्या स्वतःच्या नखांत पॉलिश असताना.

सुतार रंधा मारून द्यायला तयार होता. मी त्याच्याकडून कडी तेवढी काढून घेतली. मुलाच्या घरी मात्र मला स्वतःच जावे लागले. तो लगेच आला नाही. आठ दिवसांनी आला.

आता पाऊस सरला आहे, दार आपोआप मिटते. दिवाळीसाठी पुस्तके पुसताना एका पानावर वंगणाचा काळा अंगठा दिसला. क्षणभर कपाळाला आठी पडली, हे कबूल करतो. मग पुस्तक होते तिथे ठेवले.